उंट आधी बांधा, मग विमानात बसा

द्रुतगती मार्ग झाला, कारखाने आले आणि उर्से, तळेगाव, वडगाव परिसरातल्या जमिनीला भाव आला. आता मावळातल्या मुस्लिम घरांतही मुलांना परदेशात शिकायला पाठवायचं बोलणं निघतं. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज, म्हणून कितीतरी पालक ते टाळतात आणि उरलेली जमीन किंवा दागिने विकायला काढतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कर्जावर व्याजसवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजनाही 2022-23 पासून बंद झाली. म्हणजे निवड चुकली तर सावरायला मागे काही उरत नाही. तवक्कुल आहेच, पण उंट आधी बांधायचा असतो.

पहिला प्रश्न: त्या पदवीला इथे किंमत आहे का? परदेशातून एमबीबीएस करायचं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम वाचा. आधी 'नीट' पात्र व्हावं लागतं. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर इथली परीक्षा आणि आणखी 12 महिन्यांची इंटर्नशिप असते. यातली एक अट जरी सुटली तरी डॉक्टर म्हणून नोंदणी अडते. "सहा वर्षांत डॉक्टर" असं सांगणाऱ्याला हे सगळं विचारा.

दुसरा प्रश्न: कागद खरा आहे का? 2023 मध्ये कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रं उघडकीला आली. पत्र दिलं एजंटने, पण देशाबाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार मुलांवर आली. म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं की विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पत्ता घ्या, ईमेल करा आणि खात्री करा. फी एजंटच्या खात्यात भरू नका, थेट विद्यापीठाला भरा. अनेक एजंटांना कॉलेजकडून कमिशन मिळतं, हेही ध्यानात ठेवा.

तिसरा, पैशाचा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. मात्र राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा). ते दरमहा थोडे थोडे आपल्यालाच मिळतात. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही आहे, तिच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा. "तिकडे काम करून फी भरेन" हा हिशेब मात्र धरू नका. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास आणि कॅनडात कॉलेजबाहेर 24 तासच काम करता येतं. जास्त केलं तर व्हिसा धोक्यात. कुणी "तुझं बँक खातं वापरू दे, पैसे देतो" म्हटलं तर साफ नाही म्हणा. तो पैसा गुन्ह्याचा निघाला तर गोत्यात येतो खातेदार.

चौथी गोष्ट घरच्यांसाठी. फोनवर मुलं "सगळं ठीक आहे" म्हणतात. जमीन विकून पाठवलंय, मग नापास झालो हे सांगायचं कसं? मुंबईच्या अतिया फैजी 1906 साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षक-प्रशिक्षणासाठी गेल्या होत्या. त्यांची बहीण जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. तब्येत बिघडल्याने अतिया पदविका पूर्ण न करताच परतल्या. पण त्यांनी तिथून घरी लिहिलेली पत्रं 'जमाना-ए-तहसील' या नावाने उर्दूत पुस्तकरूपात आली आणि आजही अभ्यासली जातात. अर्ध्यावरून परत येणं म्हणजे बेअब्रू नव्हे. अब्बा-अम्मींनी हे मुलाला विमानतळावर नाही, पैसे भरण्याआधीच सांगावं.

आणि पोहोचल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवायला विसरू नका. अडचणीत भारतीय दूतावासाला तुम्ही कुठे आहात हे ठाऊक असतं.