भाताचं झाड केवढं असतं?

"बाई, भाताचं झाड केवढं असतं?"

तिसरीच्या वर्गात हा प्रश्न आला आणि निम्मा वर्ग खो खो हसत सुटला. मी मात्र हसले नाही. खरं सांगू का मुलांनो, मला हसायची सोयच नव्हती! मी पुण्यात वाढले, डी.एड. पुण्यात केलं, आणि बारा वर्षं 'आपले अन्न' हा धडा शिकवते आहे. पण भाताच्या खाचरात पाय म्हणून ठेवला नव्हता. "गवतासारखं असतं," असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी पुटपुटली, "माझ्या छातीपर्यंत येतं." तिचं गाव मावळात. आणि मला एकदम आठवलं. आदल्या वर्षी हीच मुलगी आठ दिवस शाळेत आली नव्हती. "कापणीला गेलो होतो," म्हणाली होती. तेव्हा मी तिच्या वहीत लाल शाईनं शेरा मारला होता : 'विनाकारण गैरहजर.'

मग ठरवलं, आपण जाऊन बघायचंच. वर्गाची सहल नेण्याआधी बाईंना तरी काही माहीत नको का?

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. डब्यात पोळी-भाजी घेतली, पाण्याची बाटली घेतली. छत्री हातात घेतली आणि परत खुंटीला अडकवली. ऑक्टोबरात कसली छत्री! (ही छत्री लक्षात ठेवा हं.) शिवाजीनगरला लोणावळ्याची लोकल पकडली. तळेगाव मागे पडेपर्यंत खिडकीतून इमारतीच इमारती दिसत होत्या. मग हळूहळू पिवळे चौकोन दिसायला लागले. कामशेतला उतरले आणि नाणे मावळाच्या रस्त्याला लागले. मावळ तालुक्याचे लोक तीन भाग सांगतात : आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. डोंगरांच्या मधल्या या खोऱ्यांत पाऊस भरपूर, म्हणून इथलं मुख्य पीक भात.

एका खाचराजवळ चार-पाच माणसं वाकून कापणी करत होती. मी बांधावर उभी राहून विचारलं, "दादा, बघायला आले तर चालेल का?"

"या की ताई. फकस्त बांधावरनं या, उभ्या पिकात पाय टाकू नका."

पालकांनो, मुलांना घेऊन कुणाच्या शेतात जाल तेव्हा एवढं पाळा. आधी विचारायचं आणि चालायचं ते बांधावरून. आपल्याला ते गवत वाटतं, पण त्यांचं ते वर्षाचं धान्य असतं.

खाचराच्या कडेला एक आजी बसल्या होत्या. मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "एकलीच आलीस व्हय ग पोरी? आनि कशापायी?" मी म्हटलं, "आजी, भाताचं झाड बघायला आले." आजी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण मग त्यांनीच मला जवळ बसवून घेतलं आणि माझी शाळा सुरू झाली!

मुलांनो, आपण ताटातल्यालाही भात म्हणतो आणि शेतातल्यालाही भातच. पण मधे केवढा प्रवास! मे महिन्यात जमिनीच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून ती भाजतात. याला राब म्हणतात. पावसाच्या तोंडावर तिथे बी पेरायचं. रोपं हातभर झाली की उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची. एका रोपाला बाजूनं फुटवे येतात आणि त्याचा गड्डा होतो. प्रत्येक फुटव्याला वर दाण्यांची लोंबी. गव्हाची ती ओंबी आणि भाताची ती लोंबी, हेही मला आजींनीच सांगितलं. दाणे भरले की लोंबी जडावून खाली वाकते आणि पिवळी होते. मग कापणी. कापलेलं भात एक-दोन दिवस खाचरातच उन्हात वाळवायचं, मग पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर आपटून झोडपायच्या. जे दाणे पडतात ते सालासकट असतात. ते गिरणीत भरडले की तूस आणि कोंडा वेगळा होतो, आणि मग कुठे तांदूळ!

"हे कुठलं भात?" मी विचारलं.

"इंद्रायणी," दादा म्हणाले.

या इंद्रायणीची गंमत ऐका. आपल्याकडचा आंबेमोहोर वासाला फार छान, पण उत्पन्न कमी. आणि १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आय.आर.-८ नावाची बुटकी, भरघोस पिकणारी जात आणली होती. मावळातच वडगावला भात संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या दोघांचा संकर केला आणि १९८७ साली इंद्रायणी भात शेतकऱ्यांच्या हाती दिला. म्हणजे तुमच्या ताटातल्या वासाच्या मऊ भाताचा एक आजोबा मावळातला आणि एक परदेशातला!

मी विळा हातात घेऊन पाहिला. दहा मिनिटांत कंबर धरली आणि हातांना खाज सुटली, कारण भाताच्या पात्याला आणि दाण्याला बारीक कूस असते. दादांचा सहावीतला मुलगा माझ्याकडे बघून हसत होता. तो म्हणाला, "काल बी शाळेत न्हाय गेलो. बाई वरडतील आता." मी गप्पच बसले. काय बोलणार?

दुपारी दोनच्या सुमारास वारा पडला. आजींनी मान वर करून बघितलं आणि एकदम ओरडल्या, "आरं, उचला, उचला! आलाय त्यो!"

डोंगराच्या मागून काळा ढग वर आला होता. परतीचा पाऊस! उभ्या पिकापेक्षा कापून पडलेल्या भाताला त्याची भीती जास्त. दाणा भिजला आणि तसाच राहिला तर काळा पडतो, नाहीतर शेतातच त्याला मोड येतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात असाच पाऊस पडत राहिला आणि महाराष्ट्रात लाखो शेतकऱ्यांचं तयार पीक हातचं गेलं.

मग काय, सगळे पळत सुटले. मीही. कवेत मावेल तेवढं भात उचलायचं, बांधावरून पळायचं, ओट्यावर टाकायचं, परत पळायचं. लहानगा ताडपत्री ओढत होता. मी दोनदा घसरले. साडीचं काय झालं ते विचारू नका. अर्धं खाचर उचललं असेल नसेल, तोवर टपोरे थेंब सुरू झाले. आम्ही ओट्यावर उभे राहून उरलेलं भात भिजताना बघत होतो. कुणी काही बोललं नाही. त्या वेळी मला खुंटीवरची छत्री आठवली आणि तिची आठवण आली म्हणून लाजही वाटली.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. माझी लोकल चुकली. निघताना आजींनी ओल्या पदरातून चार लोंब्या काढून दिल्या. "पोरास्नी दाव," म्हणाल्या.

चार दिवसांनी दादांना फोन केला. भिजलेल्यातलं थोडं उलटंपालटं करून वाळलं, थोड्याला मोड आले ते गुरांना घातलं. बियाण्याचं भात मात्र आधीच घरात होतं, ते वाचलं.

सोमवारी त्या लोंब्या मी वर्गात नेल्या. सगळ्यांनी मिळून एका लोंबीचे दाणे मोजले, एकशे अठ्ठावीस भरले. मागच्या बाकावरच्या मुलीला मी पुढे बोलावलं, आधी त्या शेऱ्याबद्दल तिची माफी मागितली आणि म्हटलं, "आज तू शिकव, कापणी कशी करतात ते." ती लाजली. मग मी लोंब्यांची मूठ धरून दाखवायला लागले, तशी पटकन म्हणाली, "तशी नाही बाई, अंगठा वर ठेवा. नाहीतर विळा लागेल!"