ट्रॉली थरथरते तेव्हा

किल्लारी परिसरात माती-मुरूम वाहणारी हायड्रॉलिक ट्रॉली उचलताना थरथरू लागली, मध्येच अडखळली, तर संशय थेट पंपावर जातो. आधी तेलातली हवा तपासा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

खनिज तेलात साध्या वातावरणीय दाबाला साधारण 9 टक्के हवा विरघळलेली असतेच. ती दिसत नाही, त्रासही देत नाही. त्रास देतात ते सुटे बुडबुडे. तेल दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, म्हणून तर ते भार उचलतं. बुडबुडा मात्र स्पंजासारखा दबतो आणि जॅकची ताकद त्यातच मुरते. पंपात तो क्षणार्धात चिरडला की आतली हवा शेकडो अंश तापते. भोवतीचं तेल करपतं, काळं पडतं.

हवा बहुधा ओढीच्या बाजूने शिरते: सैल क्लॅम्प, तडकलेला होस, टाकीत कमी तेल. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने तेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. गळती न दिसताही दोष असतो, तो असा. संशयित जोडावर ग्रीस लावल्यावर पंपाचा कर्कश आवाज थांबला, तर जागा सापडली.

तेल दुधाळ दिसलं तर काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. हवा असेल तर काही मिनिटांत ते तळापासून निवळू लागतं. गढूळपणा टिकला, तर बहुतेक पाणी शिरलंय. मग तेल बदलावं लागतं.