ऑइलचा लाल दिवा : खरा की खोटा?

घाट उतरून गाडी शहरात शिरते, पहिल्याच सिग्नलला थांबते आणि डॅशबोर्डावर तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लुकलुकू लागतो. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला की तो विझतो, पाय उचलला की पुन्हा पेटतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीच्या मालकाला हा अनुभव नवा नसतो. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. एक मेकॅनिक म्हणतो, ‘स्विच गेला असेल, लक्ष देऊ नका.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन उघडावे लागेल.’ पहिला सल्ला चुकला तर इंजिन भर रस्त्यात बसते. दुसरा चुकला तर एका स्वस्त स्विचच्या दोषापायी हजारो रुपयांचे काम अंगावर येते. हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा अंदाजाने दिलेले असतात. वास्तविक दिवा खरे बोलतो आहे की खोटे, हे अर्ध्या-पाऊण तासाच्या तपासणीत कळू शकते.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर गाडीची तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. त्यामुळे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८०० आजही अनेक घरांसमोर उभी दिसते. अशा साध्या गाड्यांत ऑइलचा दाब दाखवणारा काटा बहुधा नसतो. या बाबतीत चालकाला सावध करणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे हा लाल दिवा. म्हणूनच त्याची भाषा नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

दिवा पातळी नव्हे, दाब दाखवतो

हा दिवा पेटला म्हणजे ऑइल कमी झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. जुन्या गाड्यांतील हा दिवा ऑइलची पातळी मोजत नाही, तर ऑइलचा दाब नाहीसा झाल्याची वर्दी देतो. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप ऑइल खेचतो आणि फिल्टरमधून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा अत्यंत पातळ थर असतो. या थरामुळेच धातू धातूवर घासला जात नाही. दाब गेला की थर तुटतो आणि काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, बेअरिंगची कायमची हानी होते.

या दाबावर नजर ठेवण्यासाठी इंजिनाच्या ब्लॉकवर, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच बसवलेला असतो. त्याला एकच वायर जोडलेली असते. बॅटरीचा प्रवाह किल्लीमार्गे दिव्यात, दिव्यातून त्या वायरने स्विचमध्ये आणि स्विचमधून इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थला, जातो. इंजिन बंद असताना स्विच जोडलेला असतो, म्हणून किल्ली फिरवताच दिवा पेटतो. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दाब स्विचमधील पडदा ढकलतो, जोड तुटतो आणि दिवा विझतो.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. हा जोड साधारणपणे ०.३ ते ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या अल्प दाबालाच तुटतो. वेगात धावणाऱ्या निरोगी इंजिनातील दाब मात्र तीन-चार किलोंच्या घरात असतो. याचाच अर्थ असा की, दिवा विझलेला असला म्हणजे दाब उत्तम आहे, असे नव्हे. दिवा पेटतो तो जवळजवळ सर्व काही हातचे गेल्यावर.

आधी थांबणे, मग शोध

धावत्या गाडीत हा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला, तर ‘गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हा विचार मनात आणू नये. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, पूर्ण थांबवावी आणि मगच इंजिन बंद करावे. चालत्या गाडीत किल्ली काढल्यास स्टिअरिंग अडकण्याचा धोका असतो.

सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून ऑइलची काडी बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून पाहावी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर पंप ऑइलऐवजी हवा खेचत असण्याची शक्यता मोठी. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल भरल्यावर दिवा विझला, तरी प्रश्न सुटला असे मानू नये. ते ऑइल गळून गेले की जळून गेले, हे शोधायलाच हवे.

पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर मामला अधिक गंभीर असतो. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला, तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल दाब धरत नाही आणि आगीचाही धोका उद्भवतो. अशी गाडी सुरू न करता ओढूनच न्यावी.

वायर, स्विच की इंजिन?

पातळी योग्य असूनही दिवा पेटत असेल, तर पहिली चाचणी इंजिन बंद ठेवूनच करता येते. किल्ली फिरवून दिवा पेटू द्यावा आणि स्विचवरील वायर काढावी. दिवा विझायला हवा. तो विझला नाही, तर ती वायर वाटेत कोठेतरी सोललेली आहे आणि इंजिनाला किंवा बॉडीला टेकते आहे, हे निश्चित समजावे. उष्णतेने कडक झालेले आवरण, चुकीच्या जागी आवळलेली पट्टी किंवा बॉनेटखाली मुक्कामाला येणारे उंदीर, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. दिवा अधूनमधूनच पेटत असेल, तर वायरची जुडी हलवून पाहावी. हलवण्यासरशी दिवा दगा देत असेल, तर दोष तेथेच आहे.

वायर काढताच दिवा विझला, तर वायरिंग निर्दोष ठरते. मात्र, उरलेल्या दोन संशयितांपैकी, स्विच आणि प्रत्यक्ष दाब यांपैकी, खरा दोषी कोण हे या चाचणीतून कळत नाही. अनेक गॅरेजांत याच टप्प्यावर घाई होते. नवा स्विच बसवून पाहिला जातो. दिवा विझला तर ठीक. न विझल्यास इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. त्याऐवजी स्विच काढून त्याच्या जागी दाब मोजणारा यांत्रिक गेज बसवणे, हा निर्णायक उपाय आहे. इंजिन थंड असताना, चांगले तापल्यावर मंद गतीत आणि २,००० ते ३,००० फेऱ्यांना, असे तीन आकडे टिपून गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेशी ताडून पाहावेत. पुस्तिका हाताशी नसेल, तर तापलेल्या इंजिनात दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ किलो दाब हवा, असा मेकॅनिकांचा ठोकताळा आहे. गेज बसवल्यावर इंजिन सुरू होताच काही सेकंदांत काटा हलला नाही, तर इंजिन तात्काळ बंद करावे.

सिग्नलला लुकलुकणाऱ्या दिव्याचे कोडेही येथेच सुटते. तापलेल्या इंजिनात मंद गतीलाही दाब पुरेसा आढळला, तर स्विच दुबळा झालेला आहे. तो बदलला की काम संपले. नवा स्विच बसवताना आट्यांवर गळती रोखणाऱ्या पांढऱ्या टेपचे थरावर थर गुंडाळू नयेत. एकाच वायरीच्या स्विचला अर्थ त्या आट्यांमधूनच मिळतो.

गेजवरही दाब कमी दिसला, तर दिवा खरे बोलत होता. तरीही लगेच इंजिन खोलण्याची गरज नसते. ऑइल जुने किंवा चुकीच्या प्रतीचे आहे काय, हे आधी पाहावे. त्यानंतर चेंबर उतरवून पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली आहे काय, दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे काय आणि पंप झिजला आहे काय, हे क्रमाने तपासावे. बेअरिंगची झीज हे शेवटचे आणि सर्वात खर्चिक कारण. घट्ट ऑइल भरून दिवा विझवण्याचा तोडगा सर्रास सुचवला जातो. त्याने दिवा गप्प होतो, झीज थांबत नाही.

न पेटणारा दिवा अधिक घातक

पेटणाऱ्या दिव्याची धास्ती सर्वांनाच वाटते. न पेटणाऱ्या दिव्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा पेटलाच पाहिजे. तो पेटत नसेल, तर बल्ब उडालेला आहे, वायर तुटली आहे, स्विच निकामी झाला आहे किंवा कोणीतरी वायर मुद्दाम काढून ठेवली आहे. जुनी गाडी विकत घेताना ही पाच सेकंदांची पाहणी विसरू नये. दमलेल्या इंजिनाचा दिवा विझवण्यासाठी वायर काढून ठेवण्याइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

तपासणी सोपी आहे. किल्ली फिरवून स्विचवरील वायर काढावी आणि तिचे टोक क्षणभर ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवावे. दिवा पेटला तर दोष स्विचचा. नाही पेटला तर बल्ब, फ्यूज किंवा वायर तपासावी. काट्याचा मीटर असलेल्या किंवा संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत मात्र हा प्रयोग करू नये.

शेजारचे दोन दिवे

हीच शिस्त शेजारच्या लाल दिव्यांनाही लागू पडते. बॅटरीचे चित्र असलेला दिवा अनेक जुन्या गाड्यांत केवळ सूचक नसतो. अल्टरनेटरला जागे करणारा सुरुवातीचा प्रवाह त्याच बल्बमधून जातो. त्यामुळे तो बल्ब उडाल्यास किंवा त्याजागी एलईडी बसवल्यास चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. अशा वेळी नवा अल्टरनेटर घेण्यापूर्वी बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. चालताना हा दिवा अचानक पेटल्यास पट्टा तुटला आहे काय, हे आधी पाहावे. अनेक जुन्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो आणि तसेच पुढे गेल्यास इंजिन तापते.

हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा दिवा पेटत असेल, तर हँडब्रेकखालचा स्विच अडकलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही हाच दिवा पेटतो. ब्रेक पॅड झिजतात तसतशी टाकीतील पातळी खाली येते. अशा वेळी नुसते ऑइल भरणे म्हणजे पॅड बदलण्याची मिळालेली सूचना पुसून टाकणे होय. गळती असेल, तर तीही त्यामुळे झाकली जाते.

जुन्या गाडीतील दिवा खोटे बोलू शकतो, हे खरेच. वायरी जुन्या होतात, स्विच थकतात. परंतु तो खोटा आहे हे काडीने, मल्टिमीटरने किंवा गेजने सिद्ध होईपर्यंत त्याला खराच मानले पाहिजे. त्यासाठी मालकाने मेकॅनिककडे एकच आग्रह धरावा : स्विच बदलण्यापूर्वी आणि इंजिन उघडण्यापूर्वी गेज लावून दाबाचा आकडा दाखवावा. आणि दररोज सकाळी किल्ली फिरवल्यावर तीनही लाल दिवे पेटतात आणि वेळेवर विझतात, एवढे पाहण्यासाठी दोन सेकंद थांबावे.