प्रबंधाचे पृष्ठांकन

पृष्ठांक हा वाचकाला दिलेला पत्ता होय. तो चुकला की अनुक्रमणिका, संदर्भ, सूची ही सारीच निरुपयोगी ठरतात. आपल्या पोथ्यांच्या सुट्या पानांवर समासात अंक घालीत, तो पाने विस्कटली तरी क्रम लागावा म्हणूनच. युरोपात छापील ग्रंथावर असे अंक १४७० साली कोलोन येथे दिसतात.

प्रबंधात अंकांच्या दोन मालिका ठेवण्याची रूढी आहे : प्रस्तावना, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना लहान रोमन अंक, मुख्य विवेचनाला १ पासून साधे. प्रस्तावना बहुधा शेवटी लिहिली जाते. तिची दोन पाने वाढली म्हणून पुढचे सारे अंक बदलावे लागू नयेत, हा त्यातला हेतू.

संगणकावर हे कसे साधावे? मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये अंकांची मांडणी पानागणिक नव्हे, विभागागणिक ठरते. सारे मर्म एवढेच. म्हणून पहिल्या प्रकरणापूर्वी साधा ‘पेज ब्रेक’ न घालता ‘नेक्स्ट पेज’ प्रकारचा ‘सेक्शन ब्रेक’ घालावा. नव्या विभागाच्या ‘फूटर’मध्ये ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करावे. मग ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये पहिल्या विभागास रोमन, दुसऱ्यास साधे अंक देऊन ‘स्टार्ट ॲट’पुढे १ लिहावा. शीर्षकपृष्ठ मोजावे, पण त्यावर अंक नसावा; त्यासाठी ‘डिफरंट फर्स्ट पेज’ आहे. अखेरीस अनुक्रमणिका ‘अपडेट’ करण्यास विसरू नये.

ही कारकुनी नव्हे. उद्या कोणी अभ्यासक आपले विधान पडताळू पाहील, तेव्हा त्याच्या हाती हा एक अंकच असेल.