सर्व्हरच्या पोटांतील लहान कळा

अनेक संगणकांस एकाच ठिकाणाहून माहिती पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. आमच्या नांदेड-लातूरकडील बँका, रुग्णालयें व महाविद्यालयें यांचें पुष्कळसें काम आज अशाच यंत्रांवर चालतें. १९९४ सालीं नांदेड येथें स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचें क्षेत्र चार जिल्ह्यांचें आहे. इतक्या विद्यार्थ्यांचे गुण ज्या जातीच्या यंत्रांत ठेवावयाचे, त्याचें झांकण उघडणारा हात जाणता असावा, म्हणून हें थोडें विवेचन आम्ही करितों.

सर्व्हरच्या मदरबोर्डावर अगदीं लहान कळा असतात. कोठें कळेऐवजीं धातूच्या दोन काड्या व त्यांवर बसणारी टोपी असते. तिला जंपर म्हणतात. टोपी घातली कीं वीजमार्ग जुळतो, काढली कीं तुटतो. स्थिति दोनच, परंतु आठ कळांच्या ओळीच्या २५६ रचना होतात. यंत्र सुरू होतांना ती रचना वाचतें.

आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या पी.सी.मध्यें मेमरी किती व पडदा कोणता हें कळांनींच सांगावें लागे. १९८४ पासून असे बहुतेक नियम बॅटरीवर टिकणाऱ्या लहान स्मृतींत लिहिले जाऊं लागले. तरी कळा सर्वस्वीं गेल्या नाहींत. त्या नियमांचा पासवर्ड विसरला किंवा नियमच बिघडले, तर तीं बंधनें पुसण्याचा उपाय कळेपाशींच असतो.

कृति अशी करावी. झांकणाच्या आंतील बाजूस किंवा माहितीपुस्तकांत नकाशा असतो, तो प्रथम वाचावा. कळांची मूळ स्थिति व यंत्राचे चालू नियम कागदावर उतरून घ्यावे. नियम पुसल्यानें डिस्कवरील गुण पुसले जात नाहींत. परंतु डिस्कच्या जोडणीचा नियम बदलला, तर सर्व्हर सुरूच होत नाहीं. नंतर यंत्र रीतसर बंद करून वायर काढावी. सर्व्हरला बहुधा दोन वायरी असतात. एक राहिली तरी मदरबोर्डावर वीज खेळत राहते. कोरड्या हवेंत अंगावर सांठलेली वीजही घातक असते. यासाठीं सांगाड्याच्या उघड्या धातूस आधीं हात लावावा. काम झाल्यावर नकाशांत सांगितल्याप्रमाणें कळ पूर्वस्थितीस न्यावी; नाहीं तर कांहीं यंत्रांत पासवर्डाचें रक्षण बंदच राहतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. पासवर्ड कितीही कठीण असो, कळ हात कोणाचा हें विचारीत नाहीं. म्हणून सर्व्हरच्या खोलीचें कुलूप हाच पहिला पासवर्ड होय, आणि त्याची किल्ली विश्वासू माणसापाशींच असावी.