प्रत ठेवली, पण परत मिळेल का?

पुण्यात २००८ साली सुरू झालेल्या ‘ड्रूवा’ कंपनीची वाटचाल वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या प्रत्येक लहान-मोठ्या कारखानदाराने समजून घ्यावी अशी आहे.

वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशिनच्या स्क्रीनवर अचानक ‘बॅट’ अशी अक्षरं लुकलुकू लागतात. मशिनची मेमरी जिवंत ठेवणारी बॅटरी संपत आल्याची ती सूचना. अशा कंट्रोलरमधले पॅरामीटर आणि प्रोग्राम त्या बॅटरीच्या आधारावरच टिकून असतात. दुर्लक्ष झालं, तर जॉबचं माप बरोबर यावं म्हणून ऑपरेटरने वर्षानुवर्षं केलेल्या बारीक दुरुस्त्या पुसल्या जातात. बंद मशिन दुरुस्त होतं. पण या दुरुस्त्या दुसरीकडे उतरवून ठेवलेल्या नसतील, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि सुट्या भागांचे शेकडो पुरवठादार या परिसरात वाढले. आज त्यांची ड्रॉइंग, क्वालिटीचे रिपोर्ट, टॅलीतला हिशेब, जीएसटीची बिलं असं सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ते कसं जपायचं, याचं एक ठोस उत्तर आपल्याच राज्यात घडलं.

पूर्वी ही काळजी फक्त मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हररूमपुरती होती. दिवसभराचं काम रात्री चुंबकीय टेपवर उतरवायचं, टेपवर तारीख घालायची आणि ती दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवायची. त्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेच्या ‘व्हेरिटास’चा दबदबा होता. १९९७ मध्ये ‘ओपनव्हिजन’ तिच्यात विलीन झाली आणि ‘नेटबॅकअप’ हे गाजलेलं उत्पादन तिच्याकडे आलं. पुढे २००५ मध्ये सिमँटेकने सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरच्या व्यवहारात व्हेरिटास घेतली. व्हेरिटासचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं. फाइल डिस्कवर नेमकी कशी लिहिली जाते, लिहिताना वीज गेली तर काय होतं, अशा प्रश्नांशी रोज झुंजणारे इंजिनिअर तिथे तयार झाले.

व्हेरिटासमध्ये काम केलेल्या जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी २००८ मध्ये ड्रूवा काढली. बोराटे यांची या विषयातली तयारी जुनी. दोन सहलेखकांसह त्यांनी लिहिलेलं ‘अनडॉक्युमेंटेड विंडोज एनटी’ हे पुस्तक १९९९ मध्येच आलं होतं. मायक्रोसॉफ्टने जाहीर न केलेलं विंडोजचं अंतरंग त्यात उलगडून दाखवलं आहे.

सुरुवातीला ड्रूवाचा रोख वित्तसंस्थांवर होता. मग तिने मोहरा वळवला. कंपन्यांचा मोलाचा डेटा सर्व्हररूममधून बाहेर पडून कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपवर, म्हणजे विमानतळावर, टॅक्सीत, हॉटेलात फिरू लागला होता. तो रोज आठवणीने कोण जपणार? त्यासाठी ‘इनसिंक’ हे उत्पादन आलं.

त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. लॅपटॉपवरच फाइलचे छोटे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा काढला जातो. तो ठसा सर्व्हरकडे आधीच असेल, तर तुकडा पाठवायचाच नाही. एकच ड्रॉइंग पन्नास जणांच्या मेलमध्ये असलं तरी साठवायचं एकदाच. ड्रॉइंगमध्ये एक ओळ बदलली, तर जातो तो फक्त बदललेला तुकडा. त्यामुळे संथ इंटरनेटवरही बॅकअप कामाच्या आड येत नाही, आणि तो घेतलाय की नाही हे माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून उरत नाही. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

२०१० मध्ये सिकोया कॅपिटलने गुंतवणूक केली. पुढे मुख्यालय कॅलिफोर्नियात गेलं, पण अभियांत्रिकीचं काम पुण्यात चालू राहिलं. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने द्यायला सुरुवात केलेल्या क्लाउड साठवणुकीवर ड्रूवाने आपली सगळी सेवा उभी केली; ग्राहकाने सर्व्हरही घ्यायचा नाही आणि टेपही. २०१९ मध्ये कंपनीचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं, २०२१ मध्ये दोन अब्जांच्या.

मधल्या काळात धोक्याचं रूप पालटलं. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटला. मर्स्क या जहाजकंपनीचं जगभरचं काम कोलमडलं. आपल्या जेएनपीटीतलं त्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कच्या नेटवर्कची ओळखपाळख सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांची प्रत ठेवत, म्हणून सगळे निर्धास्त होते. व्हायरसने ते एकदमच पुसले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडच्या ऑफिसांत दिसतं ते याहून फार वेगळं नाही. अकाउंटंटच्या टेबलावर एक्स्टर्नल हार्ड डिस्क असते आणि ती दिवसरात्र कॉम्प्युटरला जोडलेली असते. रॅन्समवेअर आलं की कॉम्प्युटरसोबत तीही कुलूपबंद होते. नुसतं क्लाउड ड्राइव्हवर सिंक करणंही पुरेसं नाही: इथे चुकून पुसलेली फाइल तिथूनही नाहीशी होते आणि मुदतीत लक्षात आलं नाही, तर कायमची जाते.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ नियम म्हणूनच आजही टिकून आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. नॉटपेट्यानंतर त्यात एक भर घालायला हवी: एक प्रत अशी हवी, जिला नेटवर्कवरून कुणालाच हात लावता येणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून तर कंपनी कायद्याच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. वाळूजची छोटी प्रायव्हेट लिमिटेडही त्यातून सुटत नाही.

हिशेबवह्यांचा हा नियम पाळावाच लागेल; पण बाकीचा डेटा जपायला महागडं सॉफ्टवेअरच हवं असं नाही. दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरा, एक कारखान्याबाहेर ठेवा. सीएनसीचे प्रोग्राम आणि पॅरामीटर महिन्यातून एकदा उतरवून घ्या. हे काम कुणाचं, ते नाव घालून ठरवा. आणि येत्या आठवड्यात गेल्या महिन्याची एक फाइल बॅकअपमधून मागवून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून पाहा. ती उघडली नाही, तर आजवर घेतलेला बॅकअप व्यर्थ आहे. आणि हे कळायला संकटाच्या आधीचा दिवसच बरा.