क्रमांक सरकारचा, फाइल आपली

हेन्ली पासपोर्ट निर्देशांकाची नवी यादी आली की आपल्याकडची बातमी ठरलेली: भारत इतक्या पायऱ्या चढला, किंवा घसरला. गेली काही वर्षे आपला पासपोर्ट ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे रेंगाळतो आहे. आधी रीतसर व्हिसा न काढता जाता येईल अशी ठिकाणे साठाच्या आसपास आहेत. या आकड्याचा अभिमान किंवा खंत ज्याला वाटायची त्याला वाटो, पण त्यावरून सुट्टी आखणे फसवे आहे. या मोजणीत पॅसिफिकमधल्या एखाद्या चिमुकल्या बेटाला एक गुण, आणि फ्रान्सलाही एकच. विमानतळावर उतरल्यावर रांगेत उभे राहून पैसे भरून मिळणारा व्हिसाही त्यात जमेस धरला जातो. क्रमांकातून दिसते ते आपल्या सरकारचे राजनैतिक वजन. अर्ज मात्र एकेका माणसाचा असतो, आणि तो मंजूर होईल की नाही हे बहुतांशी त्याच्या फाइलीवर ठरते.

वकिलातीतला अधिकारी काय तपासतो हे कळले की अर्धी धास्ती जाते. अमेरिकेच्या कायद्यातले कलम २१४ (ब) सरळ सांगते की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे असे धरून चालावे. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नियमांतही मुदतीत परतण्याचा इरादा तपासायला सांगितलेले आहे. म्हणजे ‘पैसे आहेत का’ यापेक्षा ‘परत जाल का’ हा प्रश्न मोठा. रजेचे पत्र, आयकर विवरणपत्रे, काही महिन्यांचे बँक स्टेटमेंट हे सगळे त्याच प्रश्नाचे उत्तर. अर्जाच्या आठवडाभर आधी मेव्हण्याकडून आणून खात्यात टाकलेले चार लाख लपत नाहीत. उलट संशयच वाढवतात. आपल्याकडे हमखास होणारा आणखी एक घोळ नावांचा. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचे आडनाव, बँकेत माहेरचे, पॅन कार्डावर वडिलांच्या नावासकट तिसरेच काहीतरी. घरात कुणाला यात वावगे वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्यासमोर त्या तीन वेगळ्या बायका असू शकतात. विवाह नोंदणीचा दाखला आधीच जोडला की प्रश्न मिटतो. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून जास्त अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले, म्हणजे साधारण सातांतला एक. नाकारलेल्या अर्जाचे शुल्क परत मिळत नाही.

म्हणून आखणीचा क्रम उलटा करावा लागतो. आपण आधी स्वस्त तिकीट बघतो, मग हॉटेल, आणि व्हिसा ‘होऊन जाईल’ म्हणून शेवटी ठेवतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, शंका आल्यास पंचेचाळीसपर्यंत. शाळांना मे महिन्यात सुट्टी, त्यामुळे सगळ्या महाराष्ट्राला एकाच वेळी अपॉइंटमेंट हवी असते. ज्याला मे महिन्यात युरोप बघायचा आहे त्याने दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबरात, फाइल उघडलेली बरी. जिथे सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकायचा आणि पाच रात्री पॅरिसला, एक रात्र तिथे असा कार्यक्रम जोडायचा, ही शक्कल कागदावरच उघडी पडते. शुल्क ९० युरो, वर ३० हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण. तिकीट पक्के करायचेच तर रद्द करता येईल असे.

‘टूर कंपनी सगळे बघते की’ हा आक्षेप इथे येणारच. कंपनी फॉर्म भरते, रांग वाचवते. पण खाते तुमचे, नोकरी तुमची, आणि नकाराची नोंदही तुमच्याच नावावर. दुसरा आक्षेप अधिक रास्त वाटतो: व्हिसा न लागणारे देश थोडे आहेत का? थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीयांना दार उघडले, तिकडेच जावे. जरूर जावे. फक्त ही सूट म्हणजे हक्क नव्हे. देणारा ती काढूनही घेतो. सर्बियाने ती १ जानेवारी २०२३ पासून काढून घेतली, कारण तिथून युरोपीय संघात बेकायदा शिरणाऱ्यांविषयीची ओरड वाढली होती. इराणने २०२४ मध्ये दिलेली सवलत पुढच्याच वर्षी, भारतीयांच्या अपहरणांच्या घटनांनंतर, थांबवली. केनियाने २०२४ मध्ये व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले, पण आधी ऑनलाइन परवानगी आणि तिचे शुल्क ठेवलेच. वाटेतल्या देशाचाही नियम असतो: लंडनला नुसते विमान बदलायचे तरी भारतीय पासपोर्टवर सहसा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर विमान कंपनीलाच दंड होतो, त्यामुळे ही तपासणी मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच होते आणि तिथे विनवण्या चालत नाहीत.

नीट वापरलेला व्हिसा मात्र पुढच्या व्हिशाची वाट सोपी करतो. एप्रिल २०२४ पासून युरोपीय संघाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नियमाने वापरले असतील तर सामान्यतः दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनेकदा ये-जा करण्याचा व्हिसा. अमेरिकेचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. एकाच क्रमांकाचा पासपोर्ट असलेल्या दोन शेजाऱ्यांपुढचे जग असे वेगवेगळ्या आकाराचे होते.

हे पगारदारांचे गणित झाले, शेतकऱ्याने काय करावे, हा तिसरा आक्षेप, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्र नाही. व्यवस्था पगाराच्या चिठ्ठीला ओळखते, उसाच्या बिलाला ओळखायला वेळ लावते. सातबाऱ्याचे इंग्रजी भाषांतर, कारखान्याची बिले, आडत्याच्या पट्ट्या आणि तेच पैसे जमा झालेले खाते यांची सांगड घालून दिली तर फाइल उभी राहते. पण कष्ट दुप्पट, हे मान्य करायला हवे. ज्यांना दुसरा मार्ग मिळाला त्यांनी तो घेतलाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा सांगता येतो, आणि हजारो गोवेकरांनी तो सांगितला. त्याची किंमत भारतीय नागरिकत्व. बाकीच्यांच्या हाती उरते ती फाइल.

तिची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे पासपोर्टची स्वतःची मुदत. पाच वर्षांच्या शेंगेन व्हिशाला पात्र असलेल्या माणसाच्या पासपोर्टची दोनच वर्षे उरली असतील तर व्हिसाही तेवढ्यापुरताच मिळतो. अशा वेळी अर्जाआधीच पासपोर्ट नवा करून घ्यावा. जुना फेकू नये: त्यातला अमेरिकेचा व्हिसा मुदतीत असेल तर तो चालतो, फक्त प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवावे लागतात.